चौथं वाक्य

गंगावेशीत म्हशी उभ्या, रात्रीचे साडेनऊ,
आम्ही कट्ट्यावर, हातात धारोष्ण दुधाचे पेले,
ओठांवर फेसाच्या मिशा,
भांडत बसलेलो: कोण यावं सोबतीला.
गुरुवारी नवे सोबती येणार म्हणे
त्या सात दरवाजांच्या राज्यात,
जिथं गेली तीन वर्षं आम्ही रोज रात्री मरतो
आणि झऱ्याकाठी परत उठून बसतो.

सुभाना गवळी धार काढता काढता म्हणाला,
"घोडा दिला, लांडगा दिला, पंखवाला वाघ दिला,
म्हस कुणी दिली न्हाई.
इखाराच्या दलदलीत माझी रत्नी सोडा.
बसंल निवांत रवंथ करत,
राक्षस कटाळून घरला जाईल."
आम्ही हसलो. रत्नीनं शेपूट मारली.
तो हसला नव्हता.

जयसिंगचा गुडघा तालमीत गेला, एकविसाव्या वर्षी.
आता तो बँकेच्या दारात बसतो, गणवेशात.
त्याला हवा हरणारा सोबती.
"पडला की पडल्यागत पडावा.
लगेच उठून चमकायचं न्हाई.
माती जरा राहू दे की अंगाला."
पेला त्यानं एका दमात संपवला.

फोनच्या स्पीकरवर सुनेत्राकाकी, कळंब्याहून.
आमच्यातल्या सगळ्यात नेमक्या तिरंदाज,
बालवाडीच्या बाई, वय बावन्न,
मागं कुकर.
"मला एक बाई द्या रे. चाळिशीपुढची.
पोट झाकणारं चिलखत घातलेली.
शेकोटीपाशी बसेल, बाण तासेल,
आणि उद्या डब्याला काय, असं
अख्ख्या मोहिमेत एकदाही विचारणार नाही."
तिसरी शिट्टी झाली. काकी गेल्या, परत आल्या.
"कुठं होतो आपण?"

मला विचारलं तेव्हा म्हटलं, काही नको.
खोटं होतं.
उद्यमनगरात लेथवर दिवस जातो माझा,
घरी आलो तरी कानात लोखंड सोलत राहतं,
आणि त्या आवाजाच्या आत कुठंतरी
तो म्हातारा वाटाड्या बोलतो,
पहिल्या दिवशी फुकट मिळालेला, एका डोळ्याचा,
ज्याला तीनच वाक्यं येतात.
पुढं अंधार आहे, मालक.
तुमची मशाल विझत आलीय.
मी आहे मागं.
नवे आले की जुने काढतात, असं ऐकलेलं.
मला एवढंच मागायचं होतं,
की त्याला ठेवा, आणि एक वाक्य वाढवून द्या.
कुठलंही. हवापाण्याचं चालेल.

गुरुवार. पहाटेचे चार.
आले. तिघं.
तिघांचे केस चंदेरी, कंबर मुठीत मावणारी,
एक तर डोळा मारतो.
किंमत सातशे नव्व्याण्णव.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग जयसिंग म्हणाला, "ह्यास्नी घामच न्हाई, भावा."

वाटाड्या होता. झऱ्यापाशी, तिथंच.
मी त्याच्यावर बोट ठेवलं.
अंधार आहे, मालक. मशाल. मी आहे मागं.
मग त्यानं चौथ्यांदा तोंड उघडलं
आणि डोक्यावर एक चौकट आली.
रिकामी.
कुणीतरी लिहायचं विसरलेलं,
नाहीतर लिहून खोडलेलं.
मी ती मिटवणार, तेवढ्यात काकी म्हणाल्या,
"थांब. बोलू दे त्याला."

थांबलो. चौघं, चार घरांत.
सुभानाच्या फोनातून गोठ्यातली साखळी वाजली.
काकींच्या मोरीत नळाला पाणी आलं,
बादली भरत गेली, वाहायला लागली,
त्या उठल्या नाहीत.
जयसिंगनं खाकरून घसा साफ केला,
जणू आता त्याचाच नंबर होता.

साताला माझी पाळी.
चौकट तशीच उघडी ठेवून
मी फोन चार्जिंगला लावला
आणि अंघोळीला गेलो.